कंपनीतून निघाली तशी

१

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅरेज. त्यात गॅरेज सगळ्यांत मोठं. यावरूनच आमच्या अप्पांचा जीव कशात होता ते कळावं. स्वयंपाकघर आणि गॅरेजच्या मधे एकच भिंत, तीही इतकी पातळ, की तिकडे पाना पडला की इकडे कपबशी वाजायची. आई म्हणायची, "एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी सवत. मधे नुसता पडदा टाकला असता तरी चाललं असतं."

सवत म्हणजे अप्पांची पिकअप. लग्नाआधी नवी कोरी घेतलेली. पुढे गोलसर बॉनेट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. आयुष्यभर अप्पांनी तिच्यातून लोकांची घरं हलवली. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, एकदा तर एका न्हाव्याची खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसलेला न्हावी. मग त्यांचे गुडघे गेले, गाडी गॅरेजात उभी राहिली ती राहिलीच.

मी लिफ्ट दुरुस्त करते. हात काळे करायची सवय आहे. अप्पांना काठी लागली, खोकला छातीत जाऊन बसला, डॉक्टर आमच्याशी बोलताना आवाज खाली आणायला लागले, तेव्हा मी ठरवलं की गाडी पुन्हा चालती करायची. खरं सांगायचं तर मी हे गाडीसाठी करत नव्हतेच. कौतुकाच्या बाबतीत आमचा बाप महाचिकट. शाळेत पहिली आले तर म्हणाले, "हं." नोकरी लागली तर म्हणाले, "लिफ्ट पडायची नाही ना?" लग्न केलं तेव्हा म्हणाले, "शिंपी बरा आहे." म्हणजे तिथेही कौतुक नवऱ्याच्याच वाट्याला! मला एकदा, मरायच्या आधी एकदा, त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरी, काम चांगलं केलंस. पन्नाशीच्या बाईने असल्या गोष्टीसाठी झुरावं, हे हसण्यासारखं आहे. हसा.

दर सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडायची आणि अप्पा दारात खुर्ची टाकून, काठी मांडीवर घेऊन, उंटावरून शेळ्या हाकायला बसायचे.

"ढब्बू, बोल्ट उलटा फिरवतेयस."

"अप्पा, निदान आता तरी ढब्बू म्हणू नका."

"मग काय मॅडम म्हणू?"

पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "अशी करते की नाही बघा, कंपनीतून निघाली तशी!"

अप्पा बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कशाला? चालली म्हणजे पुरे."

मी ऐकायला हवं होतं. आयुष्यभर त्यांचं मुकाट ऐकलं आणि नेमकं तेवढंच ऐकलं नाही.

२

सुरुवात कार्बोरेटरपासून केली. खोलला, उकळत्या पाण्यातून काढला, बारीक तारेने भोकं साफ केली, काळा चिखल निघाला. त्याच आठवड्यात अप्पांचा खोकला गेला. कमी झाला नाही, गेला.

"त्यांचाही कार्बोरेटर साफ केलास की काय?" नवरा म्हणाला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. अप्पाही हसले, आणि हसताना खोकले नाहीत.

मग खालचं काम. धक्के झेलणारे पाटे बदलले, सगळी रबरं नवी घातली. एका सकाळी बघते तर अप्पांची काठी टेबलावरच्या लोखंडी पकडीला अडकवलेली आणि अप्पा हौद्याच्या फळीवर एक पाय ठेवून उभे! मी ओरडलेच. ते म्हणाले, "ओरडतेस काय? वर नाही गेलो, फळीवर चढलोय."

डॉक्टर म्हणाले, "कधी कधी होतं असं. मन रमलं की शरीर साथ देतं." पटण्यासारखंच होतं. मला पटलं.

सीटचं काम नवऱ्याकडे. त्याने जुनं रेक्झिन उसवलं. खालच्या स्प्रिंगा अप्पांच्या बाजूला पार बसलेल्या, आईच्या बाजूला थोड्या, आणि मधे एक लहानसा खळगा. लहानपणी मी तिथे बसायचे. सीटखाली आईच्या केसांच्या पिना, एक बटण, माझी अर्धी पेन्सिल आणि बरीच माती. मी तो सगळा केर एका सुपलीत भरला आणि टाकून दिला. स्प्रिंगा भंगारवाल्याने नेल्या. माझ्या हाताखालच्या पोरांना मी नेहमी सांगते, नवा भाग बसून चालेपर्यंत जुना हातचा सोडू नका. ते माझ्याच घरात मला सुचलं नाही. नव्याची एवढी घाई झाली होती.

त्या संध्याकाळी चहा पिताना अप्पा भिंतीवरच्या आईच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले.

"ही बाई कोण?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अप्पा, थट्टा पुरे."

"ओळखीची वाटते," अप्पा म्हणाले. "कुणाची तरी आई असेल."

मी कप घेऊन मोरीत गेले आणि उगाचच कप परत परत घासत बसले.

३

माझ्या धंद्यात भुतं नसतात. लिफ्ट आपोआप एखाद्या मजल्यावर जाऊन उघडायला लागली की लोक म्हणतात, काहीतरी आहे. काहीतरी नसतं, रिले चिकटलेला असतो. तेव्हा मीही स्वतःला समजावलं, वय झालंय. शरीर सुधारलं म्हणून डोकं सुधारेलच असं नाही. एकाच बिल्डिंगमध्ये एक लिफ्ट चालते, दुसरी बंद असते, तसंच हे.

आणि काम चालू ठेवलं. किंबहुना जोर केला. वाटलं, जेवढं लवकर संपेल तेवढं बरं, अप्पा मला तरी ओळखतायत तोवर.

उजव्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारावर एक मोठा पोचा होता, परातीएवढा. त्याची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती, की अप्पांनी तोंड उघडलं की आई शेवटचं वाक्य आधीच म्हणून टाकायची. माझ्या जन्माच्या दिवशी आई कळा देतेय, अप्पा गाडी पळवतायत, आणि हॉस्पिटलच्या फाटकाशी आल्यावर घाबरून त्यांनी ब्रेकऐवजी भलतंच काही दाबलं. दार खांबावर आपटलं. "खांब वाकला," अप्पा सांगायचे, "दार चेपलं, आणि ही बया आत जायच्या आधीच बाहेर!" मग माझ्या डोक्यावर टपली. लहानपणी मला ती गोष्ट आवडायची. पुढे तिचा कंटाळा आला, पाहुण्यांसमोर तर लाज वाटायची.

पोचा काढायला दोन सुट्ट्या गेल्या. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलक्या हाताने हातोडी. घाई केली तर पत्रा ताणतो. मग पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग हिरवा रंग. शेवटी डोळे मिटून तळवा फिरवला तर दार काचेसारखं गुळगुळीत. खांब कुठे लागला होता ते मलाही सांगता आलं नसतं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की तिथेच फतकल मारून बसले.

"अप्पा," मी हाक मारली, "बघा. तुमचा पोचा गेला."

अप्पा आले. ताठ चालत आले. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कसला पोचा?" ते म्हणाले. आणि जरा थांबून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीने, "तुम्ही इथे रोज येता का?"

४

मी आत पळाले. नवरा मशीनवर बसला होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, परवा माझंही नाव विसरले ते. मनाला लावून घेऊ नकोस."

"नाव विसरणं वेगळं. ते माझ्याशी परक्याशी बोलावं तसं बोलले. मला 'तुम्ही' म्हणाले."

"म्हातारपण आहे, दुसरं काय."

"त्यांच्या अंगठ्याकडे बघितलंस?"

अप्पांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं आणि मधोमध चिरलेलं होतं. जॅक निसटून त्यावर पडला होता, मी शाळेत जात होते तेव्हा. ते नख पुन्हा कधी धड आलंच नाही. लहानपणी त्यांचं बोट धरून रस्ता ओलांडताना ती चीर माझ्या तळव्याला लागायची.

नवरा गॅरेजात जाऊन आला. परत आला तेव्हा त्याची टेप गळ्यातून घसरून एका बाजूला लोंबत होती, आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

"नख चांगलं आहे," तो म्हणाला. "मग काय झालं? नखं वाढतात."

"इतक्या वर्षांनी?"

तो परत स्टुलावर बसला. मशीनचं चाक हाताने उगाच मागेपुढे फिरवत राहिला.

५

दुसऱ्या दिवशी मी कामावर न जाता भंगारवाल्याकडे गेले. स्प्रिंगा, पाटे, पेडलची रबरं, डॅशबोर्डचा चिरलेला पत्रा, सगळं परत हवं म्हणून सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मदतनिसाला चहा आणायला पिटाळलं. माझा चेहराच तसा झाला असणार.

"बाई, माल इथे दोन दिवस टिकत नाही. भट्टीत गेला. त्याच्या आता सळया झाल्या असतील." मग समजुतीने म्हणाला, "तुम्हाला तसलेच जुने पार्ट देतो की, दुसऱ्या गाडीचे."

दुसऱ्या गाडीचे! दुसऱ्या कुणाचा तरी बाप घरी घेऊन येऊ का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

घरी आले ते थेट गॅरेजात. अप्पा आत झोपले होते. दार तिथे पुढ्यात, गुळगुळीत. मी मोठा हातोडा उचलला. मला माझ्या आयुष्यात इतकं मूर्ख कधी वाटलं नाही, आणि इतकी भीतीही कधी वाटली नाही. म्हटलं, झालं तर झालं, पत्राच आहे, पुन्हा काढता येईल. आणि हाणला.

भिंतीपलीकडे कपबशा वाजल्या, आणि त्यांच्या मागोमाग अप्पा ओरडले.

मी धावले. ते पलंगावर उठून बसले होते, उजवा खांदा डाव्या हाताने दाबून धरलेला. नवऱ्याने सदरा बाजूला केला. खांद्याखाली एक जांभळा डाग वर येत होता, आमच्या देखत.

"झोपेत भिंतीवर आपटले," नवरा म्हणाला. मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

"अप्पा, मला ओळखलंत?" मी विचारलं. "मी ढब्बू."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घाबरून जरा मागे सरकले.

जुना पोचा जुना असतो. तो पुन्हा पाडता येत नाही, पाडला तर नवाच पडतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला म्हाताऱ्या बापावर घाव घालावा लागला. त्याच दुपारी मी बसले आणि पोचा काढला, जीव मुठीत धरून, कापसाने पुसावं इतक्या हलक्या हाताने. संध्याकाळपर्यंत डाग नाहीसा झाला होता. त्यानंतर मी गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि तिच्यावर ताडपत्री टाकली.

६

एकच गोष्ट बदलायची राहिली होती, स्टिअरिंग. जुनं चाक काळं, दोन बाजूंना झिजून पांढुरकं झालेलं. अप्पांचे हात जिथे असायचे तिथे बोटांचे खळगे पडले होते. नवं चाक खोक्यात होतं, ते मी माळ्यावर सामानाच्या मागे कोंबलं. गाडीची किल्ली माझ्या खिशात, रात्रंदिवस.

पुढचे आठवडे घरात एक सज्जन पाहुणा राहत होता. ताटली स्वतः धुवायचा. आम्हाला 'माफ करा हं' म्हणायचा. केस मुळापासून काळे होत होते. नवरा आणि मी त्याबद्दल बोलत नव्हतो, जेवताना दोघंही आपापल्या ताटात बघायचो. कधीतरी मी वाकून काही उचलताना त्यांची नजर माझ्यावर जायची आणि ते कपाळाला आठी घालायचे, ओठांवर शब्द आहे आणि येत नाही तशी. मी हातातलं काम टाकून वाट बघायचे. एकदा ते म्हणाले, "तुम्ही कुणासारख्या तरी दिसता." त्यावर मी आठवडाभर जगले.

मग एका दुपारी एका बिल्डिंगची वीज गेली आणि मी लवकर सुटले. नवरा गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेला होता. स्वयंपाकघरात आले, पाण्याचा पेला भरला, आणि पेला ओट्यावर थरथरायला लागला. भिंतीपलीकडे कुणीतरी काम करत होतं. नट आवळल्याचा आवाज. आणि शीळ.

अप्पांनी माझ्या जन्मात कधी शीळ घातली नव्हती. आई एकदा म्हणाली होती, "लग्नाआधी घालायचे हो. तू झालीस आणि बंद केली, म्हणाले, आता बरं दिसत नाही."

गॅरेजचं शटर वर होतं. ताडपत्री नीट घडी घालून कोपऱ्यात. टेबलावर रिकामं खोकं, आणि शेजारी जुनं चाक. मी ते उचललं. झिजलेल्या जागांवर बोटं ठेवून बघितली. चाक थंड होतं.

समोरच्या काचेत उन्हाचा पांढरा झोत होता, त्यामुळे आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं. खिडकीतून फक्त एक कोपर बाहेर आलेलं. भरलेलं, घट्ट कातडीचं, त्यावर काळी लव.

"अरे, या या," कोपराचा मालक म्हणाला. "हे काम तुम्ही केलंत?"

७

आवाज अप्पांचा होता. मी दाराशी जाऊन उभी राहिले. वर बघायचं धाडस होईना, म्हणून दाराकडे बघत राहिले, माझ्याच हाताने घासून चकचकीत केलेल्या. त्यात खिडकीची कड दिसत होती, आणि कडेवर एक डोकं. दाट काळ्या केसांचं. ते हललं, आणि मी नजर जमिनीकडे नेली. तेवढंच मी बघितलं.

"हो," मी म्हटलं. "सीट नवऱ्याने शिवली."

"सीट चांगलीच आहे. पण पत्रा!" त्याने बाहेरून दारावर तळवा फिरवला. "कुठे काय होतं ते कळतसुद्धा नाही. एवढं स्वच्छ काम मी अजून कुणाचं बघितलं नाही. हात आहे हो तुमचा."

मी जुनं चाक पोटाशी घट्ट धरलं.

"कुणाकडे शिकलात?"

"वडिलांकडे."

"आहेत का ते?"

"आहेत," मी म्हटलं.

"नशीबवान माणूस," तो म्हणाला. "पोरगी अशी असली की बापाला आणखी काय पाहिजे? सांगत असतील सगळ्यांना."

मी मान हलवली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण नाक वाहायला लागलंच. बाहीने पुसलं.

"किल्ली तुमच्याकडे आहे ना?" तो म्हणाला, जरा संकोचून. "एकीला कबूल केलंय, आज न्यायला येतो म्हणून. उशीर झाला तर तोंड फिरवून बसेल. मग दोन दिवस काही खरं नाही."

तोंड फिरवून दोन दिवस बसणारं माणूस मला चांगलं माहीत होतं, तिचा फोटो आमच्या भिंतीवर होता. किल्ली नाही म्हणता आलं असतं. हरवली म्हणता आलं असतं. पण मग काय? हा तरणाताठा परका माणूस घरात ठेवून त्याला रोज विचारत बसायचं, मला ओळखलंत का? आणि तिकडे ती वाट बघणार. तिला वाट बघायला लावायची हिंमत आमच्या घरात कुणालाच नव्हती.

मी किल्ली त्या तळव्यावर ठेवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. फाटकातून वळताना त्याने हात बाहेर काढून मला नमस्कार केला, ओळखपाळख नसलेल्या भल्या माणसाला करतात तसा.

संध्याकाळी नवरा आला. पोलीस आले. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, हिरवी पिकअप, असं वर्णन त्यांनी लिहून घेतलं. मी सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. त्या वर्णनाचा माणूस कुणालाही सापडणार नव्हता, हे त्यांना कसं सांगणार?

ते गेल्यावर नवरा माझ्याजवळ येऊन बसला. त्याने माझा हात हातात घेतला.

"जाताना काही बोलले का तुझ्याशी?"

"काम चांगलं झालंय म्हणाले."

त्याचा चेहरा एकदम उजळला. त्या तशा संध्याकाळीसुद्धा. "म्हणाले ना! शेवटी म्हणाले ना तुला! एवढ्याचसाठी तर चाललं होतं सगळं."

"हो," मी म्हटलं.

अजूनही कुणी सांत्वनाला आलं की तो हीच गोष्ट सांगतो, की जाता जाता अप्पांनी लेकीचं कौतुक केलं. लोकांना ते ऐकून बरं वाटतं. ते कौतुक त्यांनी लेकीचं केलंच नव्हतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही.